स्टेपनीतली पत्रकं

बावीस वर्षांची होईपर्यंत मला पक्कं माहीत होतं की त्या सिनेमातल्या मोटारसायकलच्या स्टेपनीत पत्रकं लपवलेली आहेत.

सिनेमा अमेरिकेतला, जुना. तिकडची तरुण पोरं आईबापांवर, सरकारवर, युद्धावर, सगळ्यावरच चिडून उठली होती त्या काळातला. केस वाढवलेले दोन मित्र, साइडकार जोडलेली एक मोटारसायकल, साइडकारमध्ये एक बाई आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रस्ता. गोष्ट एवढीच. सिनेमावर लिहिणारे लोक त्याचं नाव अजून आदराने घेतात. आमच्या घरात तो आबांचा सिनेमा होता.

आबा म्हणजे माझे वडील. जळगावच्या एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं, आणि काम सुटल्यावर मालकाला विचारून चळवळीची पत्रकं. मजुरीची, गायरानाची, गावच्या विहिरीची, अडवलेल्या शिष्यवृत्तीची. लिहायचेही तेच आणि जुळवायचेही तेच. मला अक्षरओळख या पत्रकांवरून झाली. 'कमळ'च्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायला लागलं. शाळेत बाईंनी आवडत्या प्राण्यावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात केली आणि बैलाच्या बाजूने बरंच काही लिहिलं.

आबांचे धुळ्याचे मित्र म्हणजे नाना. ते गाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि त्यांच्याकडे मोटारसायकल होती. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी या दोघांना त्या सिनेमाची कॅसेट दिली. कॉपीची कॉपी, रंग उडालेली, आवाज फाटका. व्हीसीआर गोधडीत गुंडाळायचा, आबांनी तो मांडीवर धरून मागे बसायचं, आणि निघायचं. यावलकडे केळीच्या बागांतले मजूर, जामनेर, चाळीसगाव, धुळ्याच्या आसपासची खेडी. टीव्ही गावात कोणाचा तरी मिळायचा. दुपारच्या वेळी विहारात नाहीतर शाळेच्या खोलीत खिडक्यांना ताडपत्री लावायची. सिनेमाला माणसं जमायची आणि सिनेमा संपला की सभा व्हायची. हाच सिनेमा का, असं मी एकदा नानांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कॅसेट हीच होती ना बेटा."

इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. म्हणून आबा टीव्हीच्या डाव्या अंगाला उभे राहायचे आणि सिनेमा सांगायचे. धुळ्याकडे अहिराणीत, यावलकडे तिकडच्या बोलीत. या सांगण्याचे त्यांचे नियम होते. लोकांकडे बघायचं नाही, पडद्याकडेच बघायचं. आणि पात्राने तोंड उघडायच्या आधी सांगायचं. ते म्हणायचे, "नंतर सांगितलं की ते भाषांतर होतं. आधी सांगितलं की तो माणूस आपलं ऐकून बोलतो."

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या वर्षी व्हीसीआर बिघडला तो पुन्हा सुरू झाला नाही. मी सिनेमा ऐकला तो घरी, चित्रांशिवाय, आबा भाकरी खात असताना, आबा पत्रकं मोजत असताना. यावलच्या बायकांनी तो टीव्हीसकट ऐकला याचा मला लहानपणापासून राग आहे. त्या बायका कधी घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं आम्हाला अमेरिका दाखवली," की मी आत निघून जायची.

आबांच्या सिनेमात ते दोघे पत्रकं वाटायला निघालेले असतात. मध्ये पोलिसांची भीती, म्हणून पत्रकं स्टेपनीत. वाटेत कापसाचं शेत लागतं. तिथे आबा कॅसेट थांबवायचे आणि बायकांना म्हणायचे, बघा, वेचणी बघा. बायका टीव्हीजवळ यायच्या. तिकडे लांबच लांब पिशवी मागे फरपटत नेतात, आपल्याकडे कमरेला ओटी बांधतात. कुठली बरी, यावर वाद व्हायचा. कोणीतरी हमखास म्हणायची की त्या पिशवीने पाठ वाचते पण खांदा जातो. मूळ सिनेमात हे शेत दहा सेकंद दिसतं. जामनेरच्या एका गावात ते अर्धा तास चाललं होतं, असं नाना सांगतात.

आणि पेट्रोल पंप. तिथे ती साइडकारमधली बाई उतरते आणि परत बसत नाही. आबांच्या सिनेमात ती स्वतःहून राहते. पंपावरचे कामगार बारा-बारा तास राबतात, त्यांना एकत्र करायला ती मागे थांबते. लहानपणी मला मोठेपणी कोण होणार असं विचारलं की मी सांगायची, पंपावरची बाई. लोकांना वाटायचं हिला पेट्रोल भरायचंय.

बाविसाव्या वर्षी मी तो सिनेमा खरा पाहिला. जळगावच्या हॉस्टेलवर, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, खाली इंग्रजी अक्षरं येत होती ती वाचत. मैत्रीण चाळीसगावची. तिच्याबद्दल पुढे बरंच लिहावं लागणार आहे. तर स्टेपनीत नशेची पावडर होती. ती त्यांनी एका लांब गाडीतल्या माणसाला विकली आणि त्या पैशांवर ते स्वातंत्र्य शोधायला निघाले. पंपावर ती बाई बाथरूमला गेली, तेव्हा दोघे एकमेकांकडे बघून हसले आणि गाडीला किक मारून निघून गेले. ती ओले हात झटकत बाहेर आली. कॅमेरा तिच्यावर थोडा वेळ थांबला आणि मग तोही त्यांच्या मागे गेला. पुढच्या तासाभरात तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

मैत्रीण म्हणाली, "रस्ता भारी आहे पण."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग मी एका छोट्या मासिकात लेख लिहिला. हा सिनेमा आज टिकत नाही, असं त्यात म्हटलं. त्यातलं बहुतेक मला अजूनही पटतं. केस लांब आहेत म्हणून हॉटेलात खोली मिळाली नाही, हे त्या दोघांना जगातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. केस कापता येतात. आडनाव कळल्यावर खोली नाकारली जाते त्या माणसाने काय कापायचं? त्यांच्या बंडाला पोटापाण्याचं काम नाही, घर नाही, मागे कोणी वाट बघत नाही. शेतात राबणारी माणसं त्यांना दिसतात ती देखावा म्हणून. बाई म्हणजे सामान. जड झालं की उतरवून ठेवलं. हे सगळं मी लिहिलं आणि शेवटी एक वाक्य घातलं: 'ज्यांनी हा सिनेमा आपल्या कष्टकरी माणसांना परिवर्तनाची गोष्ट म्हणून दाखवला, त्यांनी त्या माणसांची फसवणूक केली.'

त्या दोघांचा मला किती हेवा वाटला होता, ते मात्र लिहिलं नाही. सिनेमाच्या सुरुवातीला ते निघतात आणि कुठे चाललात, असं त्यांना कोणीच विचारत नाही. मी धुळ्याला गेले तरी एरंडोलला एक फोन, पारोळ्याला एक फोन. एवढा मोठा रस्ता आणि एकही फोन नाही, हे पाहताना माझा जळफळाट होत होता. लेखात मी त्याला विचार म्हटलं.

मासिक घरी आलं. आबांनी लेख चष्मा लावून वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि मासिक नीट मिटून टेबलावर ठेवलं.

"फसवणूक," ते म्हणाले.

"मग काय म्हणायचं आबा? स्टेपनीत पावडर होती."

"मला काय माहीत? कागदात गुंडाळलेला गठ्ठा होता. रात्री लपवत होते, पोलिसाला घाबरत होते. लपवून न्यावं असं दुसरं काय असतं माणसाजवळ?"

ते हे गंभीरपणे विचारत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबांनी बनाव रचला नव्हता. पत्रकांचा गठ्ठा डिकीत दडवून ज्यांनी नाकाबंदी ओलांडली आहे, त्या दोन माणसांनी पडद्यावरचा गठ्ठा पाहिला आणि त्यांना तो ओळखीचा वाटला.

"पण नंतर तरी कळलं असेल," मी म्हटलं.

"दोन वर्षांनी. कॅसेटवाल्या सरांनी सांगितलं."

"मग?"

"मग काय. तोवर लोकांना पाठ झाला होता."

माय चुलीपाशी नव्हती, गॅसपाशी होती, पण तिथूनच ओरडून म्हणाली, "त्या बाईला पंपावर ठेवलं ते बरं केलं. घरी आणली असती तर मलाच तिच्या भाकरी थापाव्या लागल्या असत्या." मायने तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. आबा बाहेरगावी सिनेमा सांगत असायचे तेव्हा ती घरचं सगळं बघत होती.

हे झालं चार-पाच वर्षांपूर्वी. गेल्या वर्षी आबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. आता ते कुजबुजतात, तेही जवळ बसलं तरच कळतं. आणि यंदा हिवाळ्यात मला नानांचा फोन आला. धुळ्याच्या वाचनालयात दर महिन्याला सिनेमा दाखवतात, तिथे त्यांनी तो सिनेमा ठरवला होता. आता स्वच्छ कॉपी मिळाली होती, खाली अक्षरं असलेली. पण नानांना तो आबांच्या सांगण्यासकट दाखवायचा होता. जुनी माणसं विचारतात, म्हणाले. आबांना बोलता येत नाही, तर आबांनी कोणाला तरी शिकवावं.

मी छापखान्यात प्रूफं तपासते. त्या दिवशी मी प्रूफं तशीच ठेवून घरी आले. रस्त्यात मी पहिलं वाक्य मनात म्हणूनही पाहिलं. मला अख्खा सिनेमा पाठ होता, आबांच्या खोकल्यासकट. शिकवायला काही उरलंच नव्हतं.

घराबाहेर माझ्या त्या चाळीसगावच्या मैत्रिणीची मोटारसायकल उभी होती. मैत्रीण माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गावोगाव फिरून शेतांतले मातीचे नमुने गोळा करते, यावल, जामनेर, कुठेही, एकटी, आणि तिला कोणी फोन करत नाही कारण ती उचलतच नाही. आठवड्यातून एकदा ती आमच्याकडे जेवते. आत ती टीव्हीच्या डाव्या बाजूला उभी होती. आबा खुर्चीत. त्यांच्या मांडीवर पाटी. ते टेबलावर बोटाने ठोके देत होते, ती त्या ठोक्यांवर बोलत होती.

"आते देखा, या दोन्ही भाऊ कथा चालनात?" म्हणजे हे दोघे भाऊ कुठे निघाले?

आबांनी हात हलवला. पाटीवर लिहिलं: घाई.

ती मला बघून म्हणाली, "अगं, तुझे आबा म्हणजे मारकुटे मास्तर आहेत."

मी चपला काढल्या. हातपाय धुतले. मायला विचारलं, "हे कधीपासून?"

"सोमवारपासून. नानांनी आधी मलाच फोन केला होता. तुला सांगायचं तर तू फाडून खाशील म्हणून कोणी बोललं नाही."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लहान मनाचे आठवडे होते. ती यायची, मी आतल्या खोलीत बसायची आणि दार थोडं उघडं ठेवायची. ती चुकली की मला बरं वाटायचं. ती कमी चुकायला लागली तसं मला बरं वाटणं कमी होत गेलं. आबा तिच्या वाक्यांवर काट मारायचे, बाण काढायचे, शब्द पुढेमागे करायचे. माझ्या पहिल्या पत्रकावर त्यांनी असंच काम केलं होतं. तेव्हा मी रडले होते आणि मग ते पत्रक उशीखाली घेऊन झोपले होते. तिला त्याचं काहीच नव्हतं. पाटी पुसून ती विचारायची, "अजून?"

एकदा तिला सोडायला मी बाहेर गेले आणि म्हटलं, "तुला पटतं का हे? खोटं आहे माहीत असून सांगतेस."

ती हेल्मेट घालत होती. "तुला काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझं पोट दुखतंय," ती म्हणाली. "तत्त्वाचं औषध घेऊन ते थांबणार नाही."

"तुला सांगायला सोपं आहे. तुला गाडी आहे, कोणी विचारणारं नाही. आता माझा बापही घेतलास."

हे मी बोलले आणि शेजारच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालायच्या थांबल्या. मैत्रिणीने गाडी सुरू केली नाही. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "मी मागितलं नव्हतं. त्यांनी बोलावलं. का बोलावलं ते मला नको विचारू, त्यांना विचार." आणि गेली. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तीन आठवडे संपले त्या रविवारी धुळ्याला दुपारी तीनला सिनेमा होता. मैत्रीण गाडीवर पुढे गेली, मी आणि आबा बसने. वाचनालयाच्या वरच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, तरी मधून उन्हाच्या रेघा येत होत्या. साठेक माणसं असतील. पुढे वयस्कर मंडळी, त्यांत कितीतरी बायका डोक्यावर पदर घेतलेल्या, आणि मागे कॉलेजची मुलं-मुली. आबा पहिल्या रांगेत बसले. मी मुद्दाम मागे, मुलांमध्ये.

नानांनी दोन शब्द सांगितले आणि ती उठून डाव्या बाजूला उभी राहिली.

ती चांगलं सांगत होती. हे लिहिताना अजूनही मला जड जातं. तिने आबांचा आवाज काढला नाही. तिचा स्वतःचाच, शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा आवाज होता. पुढच्या बायका पहिल्या पाच मिनिटांत रेलल्या. स्टेपनी आली, गठ्ठा आला, आणि एक म्हातारे आजोबा शेजारच्याला मोठ्याने म्हणाले, "पत्रकं शेत. आपलीच." शेत म्हणजे आहेत. मागच्या मुलांत खसखस पिकली, कारण त्यांनी खालची अक्षरं वाचली होती. मीही हसले. मला त्यांच्या बाजूला राहायचं होतं.

कापसाच्या शेताला तिने सिनेमा थांबवला. चित्र स्थिर झालं: वाकलेल्या पाठी, मागे फरपटणाऱ्या पिशव्या. बायका बोलायला लागल्या. वाद सुरू झाला, ओटी की पिशवी. आबांच्या वेळी होतं ते सगळं झालं. आणि मग तिने एक गोष्ट केली जी आबांच्या सांगण्यात नव्हती. ती पडद्याजवळ गेली आणि शेताच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "या आठे माती देखा. काळी शे. आपलीच जशी. हाई माती धरी ठेवस पाणी." ही काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्या कामातली गोष्ट. सगळ्यांनी माती पाहिली. मी तो सिनेमा सात-आठ वेळा पाहिलाय, लेखासाठी थांबवून थांबवून पाहिलाय. माती मी पाहिली नव्हती.

मग पंप आला. मी खुर्चीच्या कडेला सरकले. मला माहीत होतं, इथे ती अडकणार. गठ्ठ्याचं एक वेळ चालून जातं, पण इथे ते दोघे स्पष्ट बोलतात की आता हिला इथेच टाकू, दुसरी मिळेल, आणि ते खाली स्वच्छ लिहून येतं. मी अडकायची वाट बघत होते. खोटं बोलत नाही.

"बाई उतरनी," ती म्हणाली. "तिले कोणी सोडं नही. ती सोता आठे ऱ्हायनी."

माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली. अठरा-एकोणीसची, केस कापलेली, चेहरा तापलेला. मीच ती, पाच वर्षांपूर्वीची. "पण ताई, खाली तर वेगळंच लिहिलंय. ते तिला फसवून सोडून चाललेत."

सिनेमा थांबला. पुढच्या रांगांनी मागे वळून पाहिलं. आबा वळले नाहीत.

मैत्रीण पडद्याकडून मुलीकडे वळली. मग मराठीत, साध्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण खाली लिहिलंय ते त्या दोघांचं बोलणं आहे. ती बाई यात काही बोललीच नाहीये, तू बघ. बाहेर येते, हात झटकते, उभी राहते. एक शब्द नाही तिला. तिच्या बाजूचं कोणीतरी सांगायला नको?"

मुलगी म्हणाली, "म्हणजे मनाचं घालायचं?"

"घातलंय," मैत्रीण म्हणाली. "घातलंय हे आता तुला माहीत आहे. मी लपवलं नाही."

पुढून एक आजी म्हणाली, "मंग पुढे चालू दे ना माय. ती बाई उभी शे कवळची." ती केव्हापासून ताटकळतेय, असं. आणि सगळे हसले, उभी असलेली मुलगीसुद्धा. आबांचे खांदे मागून हलताना दिसले. त्यांना हसायला आवाज लागत नाही.

मी हसले नाही. चार-पाच वर्षं तो सिनेमा माझ्याकडे होता. त्या बाईवर अन्याय झाला म्हणून मी दीड पान लिहिलं होतं, आणि तिला एकही वाक्य नाही हे मला दिसलं नव्हतं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिचं गप्प राहणं त्यांना ऐकू आलं असेल. हे माझ्या तोंडून निघायला हवं होतं. रक्ताने, सवयीने, ऐकून ऐकून, सगळ्या हिशेबांनी ते माझं वाक्य होतं.

सिनेमा आज टिकतो का, असं मला आता कोणी विचारलं तर मी तेच म्हणेन. नाही टिकत. तो रस्ता अजून सुंदर आहे, पण त्यावरून जाणारी ती दोन माणसं आज लहान दिसतात. टिकलंय ते आबांचं सांगणं. त्या खोलीत साठ माणसांसमोर ते उभं राहिलं, प्रश्न विचारला गेला तरी पडलं नाही. आणि ते मला मिळालं नाही.

चहा झाला. लोक तिच्याभोवती होते. मग गर्दी कमी झाली तसं आबांनी तिला बोलावलं, पाटी काढली आणि तिच्या चुका लिहायला लागले. कापसापाशी लवकर थांबलीस. शेवटी आवाज पडला. ती मान डोलवत होती. मी नानांबरोबर चादरी काढत होते आणि बघत होते. तिला त्या चुका मिळत होत्या. माझ्या लेखात त्यांनी एकही चूक काढली नव्हती.

चादरी घडी करून ठेवल्या आणि मी सरळ आबांपुढे जाऊन उभी राहिले.

"पुढच्या वेळी मी सांगणार."

मैत्रीण चहाचा कप घेऊन बाजूला गेली. आबांनी मला शेजारी बसवलं आणि कानाशी येऊन कुजबुजले. मला नीट ऐकायला श्वास रोखावा लागला.

"तुला ते खोटं वाटतं?"

मी म्हटलं, "आज जरा कमी वाटलं."

"वाटतं की नाही?"

मी खोटं बोलू शकले असते. समोर दुसरं कोणी असतं तर बोललेही असते. "वाटतं."

"मग तू नको सांगू," आबा म्हणाले. "तिला त्यात गंमत वाटते. तुझ्या तोंडून लोकांना लगेच कळेल की हिला पटलेलं नाही. तू तुझा लेख लिहिलास तो बरोबर आहे. मी कापून ठेवलाय."

"मग मला बोलावलं का नाही, एवढं तरी सांगायचं."

"तू हो म्हणाली असतीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी. ते मला नको होतं."

त्यांनीच मला असं वाढवलंय की न पटलेल्या कागदावर सही करायची नाही. मला वाटलं होतं हा नियम बाहेरच्या जगासाठी आहे.

निघताना आबा म्हणाले की मी गाडीवर जातो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, ऑपरेशन झालेला. मी नाही म्हटलं, नानाही नाही म्हणाले. पण मैत्रिणीने त्यांच्या गळ्याला माझी ओढणी गुंडाळली, जास्तीचं हेल्मेट घातलं आणि ते लहान मुलासारखे मागे चढून बसले. ऊन अजून होतं. ती म्हणाली, "सावकाश नेते. पारोळ्याला फोन करते." आजवर तिने कोणालाच असा शब्द दिला नव्हता.

मी मैत्रिणीच्या लॅपटॉपची बॅग घेऊन स्टँडवर आले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पारोळा यायच्या आधी तिचा फोन आला, आबांनी रस्त्यात केळी खाल्ली, ते मजेत आहेत, असं म्हणाली. मागून वाऱ्याचा आवाज येत होता. मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. मग परत लावला आणि म्हटलं, "मातीचं चांगलं सांगितलंस." ती म्हणाली, "माहीत आहे," आणि हसली. मलाही हसू आलं, पण थोडंच.

पुढचा सिनेमा चाळीसगावला आहे, तिच्या गावात. लोकांनी आत्तापासून जागा धरल्या आहेत. मी जाणार आहे. त्या दिवशी तिचा घसा बसावा असं मला वाटतं. फार नाही, एका दुपारपुरता. हे वाटणं बरोबर नाही हे मला कळतं, आणि आबा त्या दिवशीही मला उभं करणार नाहीत हेही कळतं. तरी वाटतंच.